मुरलेली मटकी आणि दुपारी चारची भूक

कानात इयरफोन घालून अभ्यासिकेकडे निघालाय, की एसटीची वाट बघत उभे आहात? कुठंही असा, आजचा भाग दुपारी चारच्या भुकेबद्दल आहे.

एप्रिल-मेमधली नगरची, म्हणजे आता अहिल्यानगरची, दुपार तुम्हाला वेगळी सांगायला नको. पारा चाळिशीपर्यंत जातो, पंखा गरम हवाच फेकत राहतो. तळलेलं काही नको वाटतं, पण पोटात कावळे तर ओरडतातच. अशा वेळी मला हवी असते गार, आंबट-तिखट, चमच्यानं खायची मुरलेली मटकी. नाहीतर हरभरा.

आता 'मुरवलेलं कडधान्य' म्हटलं की कुणाला वाटेल, हे काहीतरी हॉटेलातलं सॅलड. तसं नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबाडाळ आठवा. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. थोडा वेळ झाकून ठेवली की कैरीचा आंबटपणा डाळीत उतरतो. आपण हेच अख्ख्या कडधान्याला करायचं. फरक एकच, आणि तो महत्त्वाचा: अख्खं कडधान्य आधी शिजवायचं, मग मुरवायचं.

कडधान्य कुठलं घ्यायचं? हुलगा आपल्याकडे उष्ण मानतात, त्याचे शेंगोळे थंडीतच बरे. उन्हाळ्यात मूग, मटकी, चवळी, हरभरा. आणि या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे बरं का. 'विजय', 'दिग्विजय' हे हरभऱ्याचे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तर वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण जपलेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा दुकानात 'कडधान्य द्या' एवढंच म्हणू नका. गावरान आहे का, यंदाचं आहे का, विचारा. जुनं कडधान्य शिजायला फार वेळ घेतं, गॅस फुकट जातो.

चला, मटकीपासून सुरू करू. एक वाटी मटकी सकाळी भिजत घाला. रात्री उपसून, धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड दिसतात. मोड आलेली मटकी चिकट लागली किंवा तिला वास आला तर सरळ टाकून द्या, धुऊन वापरू नका.

आता पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि मटकी त्यात आठ-दहा मिनिटं शिजवा. दाणा बोटानं दाबला की दबला पाहिजे, पण फुटायला नको. पाणी पूर्ण निथळून घ्या. मटकी गरम आहे तोवरच मीठ आणि अर्धा चमचा जिरेपूड घाला, कारण गरम दाण्यात चव लवकर शिरते. दोन चमचे शेंगदाणा तेलात मोहरी, हिंग, एक हिरवी मिरची अशी फोडणी करून त्यावर ओता. कोमट झाली की एका लिंबाचा रस आणि सुपारीएवढा गूळ. झाकण लावून दोन तास फ्रिजमध्ये. काकडी, कांदा, कोथिंबीर अगदी खाताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं आणि सगळं पाणचट होतं.

हरभऱ्याचंही असंच. रात्रभर भिजवायचा, पण उकाडा असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत पाण्याला फेस येतो. मग कुकरला चार-पाच शिट्ट्या. लिंबाऐवजी किसलेली कैरी आणि ठेचलेला लसूण घालून बघा, मजा येते. मात्र आंबट आधी घालायचं नाही. आंबटात दाणा मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या करा. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. तुमच्या रूमवर हरभरा शिजतच नसेल तर हरभऱ्याला नावं ठेवण्याआधी पाणी बदलून बघा. फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा.

आता जरा कान देऊन ऐका. 'लिंबू पिळलंय, म्हणजे टिकेल' आणि 'लिंबात मुरलं म्हणजे शिजलंच' या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. लोणचं टिकतं ते भरपूर मिठामुळं, आंबटामुळं, तेलामुळं. आपल्या वाटीभर मटकीत चवीपुरतं मीठ आणि एक लिंबू, त्यानं काही टिकत नाही. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. म्हणून उन्हाळ्यात कच्चे मोड नकोत, उकळूनच घ्या. आणि राजमा मुरवायचा असेल तर आणखी सावध राहा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असा घटक असतो की थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होतात. तो मंद आचेवर जात नाही. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळ उकळा किंवा कुकरला चांगला मऊ शिजवा. मगच लिंबू.

डब्याचा हिशोबही सोपा आहे. बाहेर बत्तीस अंशांच्या वर तापमान असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ तसंच ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहालाच बत्तीस होतात! म्हणजे सकाळी भरलेला डबा चारला उघडायचा असेल तर तो गारच राहिला पाहिजे. पाण्याची बाटली रात्री फ्रीजरमध्ये गोठवा, डबा आणि बाटली एकाच जाड पिशवीत घट्ट बांधा. बाटलीतला बर्फ पूर्ण वितळून पाणी कोमट झालं असेल तर तो डबा खाऊ नका.

कॉट बेसिसवर राहताय, फ्रिजच नाही? मग मुरवायचा हट्ट सोडा. पिशवीत फुटाणे, एक कांदा, एक लिंबू, मीठ-तिखटाची पुडी ठेवा. भूक लागली की तिथंच कांदा चिरायचा, लिंबू पिळायचं, दहा मिनिटांत संपवायचं. कोरडं कोरडं राहतं, ओलं लगेच खाल्लं जातं, त्यामुळं बिघडायला वेळच मिळत नाही.

तर या आठवड्यात एक वाटी मटकी भिजवा. तुमच्या घरी काय घालतात, कैरी, चिंच की दही, ते आम्हाला नक्की कळवा. आणि हो, पाणी पीत राहा. भेटू पुढच्या भागात!