वेतन, विश्वास आणि राज्याची घडी
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



शासकीय वेतनाचा विषय निघाला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन टोकांचे सूर उमटतात. आपला मुलगा सेवेत लागला, तर ते परमभाग्य. शेजाऱ्याचा लागला, तर तो तिजोरीवरील भार! या दोन्ही सुरांपलीकडे जाऊन विचार करावयास हवा.

छत्रपती शिवाजी महाराजांनी जहागिरीऐवजी रोख वेतनावर भर दिला. त्यामागे राज्यशास्त्राचे मर्म होते. ज्याची चूल राज्याच्या खजिन्यावर पेटते, त्याला रयतेच्या ताटात हात घालण्याचे कारण उरत नाही. त्याची निष्ठाही जमिनीच्या तुकड्याशी नव्हे, स्वराज्याशी बांधलेली राहते.

या कसोटीवर एकच उदाहरण घासून पाहू. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधन, त्यानंतर वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षणसेवकास २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये मिळत. त्या वर्षी ते १६,००० झाले. याच राज्यात सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन १५,००० पासून सुरू होत होते! पिढी घडविणाऱ्याची ही किंमत?

दूरच्या पाड्यावर नेमणूक झालेल्या तरुणाने त्या ६,००० रुपयांत खोलीचे भाडे द्यावे, जेवावे, की घरी म्हाताऱ्या आईला पाठवावे? मग त्याचे शरीर वर्गात आणि मन दुसऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असते. तो निघून गेला, की नुकसान पाड्यावरील मुलांचे होते. तिजोरीत वाचलेला पैसा असा दामदुपटीने वसूल होतो. सरकार कोणाचेही असो, हे स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यव्यापी संप झाला. म्हातारपणाची चिंता रास्तच होती. पण त्या दिवसांत रुग्णालयाच्या दारात ताटकळणारा रुग्णही आपलाच बांधव होता.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. देशहितासाठी काम आणि त्या कामाचा पूर्ण मोबदला, ही या संघटनेची भूमिका. यातील अर्धेच वाक्य शासनाने ऐकावे आणि अर्धेच कर्मचाऱ्याने, असे चालणार नाही. राज्याने पूर्ण दाम द्यावा, सेवकाने पूर्ण काम द्यावे. राज्याची घडी या परस्परविश्वासावरच बसते.