मानसशास्त्राचे डॉक्टर आणि ढोल : कै. आप्पा पेंडसे यांचे स्मरण

(गणेशोत्सवात गुणवंत विद्यार्थी सत्काराच्या वेळी केलेले भाषण)



भाषण करणे हे माझे काम नाही. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला साधा सरकारी कर्मचारी आहे. ‘एखाद्या आदर्श शिक्षकाविषयी दहा मिनिटे बोला’ असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा मला एकच नाव सुचले. त्यांना मी कधी पाहिलेले नाही. ते १९८३ साली गेले, तेव्हा मी अगदी लहान होतो.

त्यांची ओळख झाली ती ढोलामुळे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी पुण्याला आत्याकडे गणपती पाहायला गेलो होतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत शाळेतल्या मुला-मुलींचे पथक आले. ढोल, ताशे आणि हातात बरच्या घेऊन नाचणाऱ्या रांगा. एक पाऊल इकडचे तिकडे नाही. मी बघतच राहिलो. शेजारी उभे असलेले आत्याचे यजमान म्हणाले, “पूर्वी हे ढोल खेड्यातली मंडळी वाजवायची. शहरातल्या शाळेच्या मुलांच्या गळ्यात ते कोणी अडकवले, ठाऊक आहे? एका मानसशास्त्राच्या डॉक्टराने!”

ते डॉक्टर म्हणजे विनायक विश्वनाथ पेंडसे, सर्वांचे आप्पा. मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवलेला हा माणूस. त्यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था सुरू केली. पुढे १९६९ साली सदाशिव पेठेत तिची प्रशाला उभी राहिली. बुद्धिमान मुले निवडायची, त्यांच्या बुद्धीला वळण लावायचे आणि ती बुद्धी देशाच्या कामी यावी असे पाहायचे, हा त्यांचा ध्यास होता.

खरे सांगतो, हे ऐकून मला आधी रागच आला. दहावीनंतर ‘याला डिप्लोमाला घाला’ हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेले होते. ते वाक्य कौतुकाने म्हटलेले नव्हते, हे कळण्याइतकी बुद्धी मला होती. मग हुशारांसाठी वेगळी शाळा कशाला? त्यांचे कौतुक करायला सगळे जग आहेच की!

पुढे वाचत गेलो तसा राग निवळला. एक म्हणजे, प्रबोधिनीतल्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी बुद्धी म्हणजे एकच आकडा असे मानले नाही. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीच्या १२० निरनिराळ्या क्षमता मांडल्या होत्या. त्या मांडणीच्या आधारे इथे आपल्या मुलांसाठी चाचण्या तयार झाल्या. कोणाची स्मरणशक्ती चांगली, कोणाला नवीन कल्पना सुचतात, कोणाला योग्य-अयोग्य चटकन कळते. आपल्या गुणपत्रिकेत यातले किती दिसते?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आप्पांच्या दृष्टीने हुशारी हे बक्षीस नव्हते, कर्ज होते. ज्याला जास्त मिळाले, त्याने जास्त फेडायचे. म्हणून शहरातली हुशार मुले वर्गात कोंडून न ठेवता शिवापूर, वेल्ह्यासारख्या भागांतल्या खेड्यांशी त्यांचे नाते जोडले गेले. आणि म्हणूनच ढोलही आला. पथकात पहिला नंबर कोणाचा नसतो. सगळ्यांचा ठेका एक पडला तरच तो ढोल, नाहीतर नुसता गोंगाट. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही तिथे शेजारच्याकडे कान द्यावाच लागतो.

आप्पांच्या संस्थेत श्रद्धेलाही स्थान आहे, पण डोळस श्रद्धेला. तिथे रोज उपासना होते. उपनयनाला आजच्या काळाचे रूप देऊन विद्याव्रत संस्कार केला जातो. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही आणि जात विचारली जात नाही. विधींचे मराठीतून अर्थ सांगणाऱ्या पोथ्या त्यांनी तयार केल्या आणि स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवले. शाळेत शिक्षिकेला ‘ताई’ म्हणून हाक मारतात. घर आणि शाळा यांच्यातले अंतर त्या एका हाकेने किती कमी होते पाहा!

माणूस गेला की त्याने लावलेले झाड खरे होते की शोभेचे, ते कळते. आप्पा जाऊन दहा वर्षे झाली होती. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून मराठवाड्यातली माणसे झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतीला गेले. मदत वाटून परत आले नाहीत, तर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हराळीला मुक्काम ठोकून त्यांनी निवासी शाळा उभी केली. माझ्या लेखी आप्पांची परीक्षा तिथे झाली आणि ते उत्तीर्ण झाले.

मंडळी, आपण सांदीपनींच्या गावचे. कृष्ण आणि सुदामा एकाच आश्रमात शिकले, याचा आपल्याला केवढा अभिमान! पण आज आपल्या टॉवर चौकाच्या आसपास संध्याकाळी पाहा. कोचिंगच्या पाट्या, खांद्याला दप्तर लावून धावणारी मुले. कृष्ण एका बॅचला, सुदामा दुसऱ्या बॅचला. दोघांची भेटच होत नाही.

म्हणून सत्कार घेणाऱ्या मुलांकडे माझी एक मागणी आहे. दर रविवारी दोन तास द्या. आपल्या समाजाच्या खोलीत बसून, गणितात किंवा इंग्रजीत मागे पडलेल्या एका मुलाला शिकवा. एकालाच, पण वर्षभर. मूल मराठी असो, मालवी बोलणारे असो, आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या मावशींचे असो. खोली उघडणे, सतरंजी घालणे, चहा ठेवणे ही कामे आम्ही डिप्लोमावाले करू!

आजच्या सत्काराच्या रांगेत माझी मुलगीही आहे. हे मी तिला घरी आधीच सांगितले. ती म्हणाली, “बाबा, रविवारी माझी टेस्ट असते.” मला लगेच उत्तर सुचले नाही. काल आरतीनंतर तीच म्हणाली, “टेस्ट दुपारी असते. सकाळी आठ ते दहा चालेल?” चालेल, बेटा. आप्पांना मी पाहिले नाही, पण ते काय म्हणाले असते याचा अंदाज मला आहे.

येत्या रविवारी सकाळी आठला कुलूप मी उघडतो. कोण कोण येते ते पाहू.

गणपती बाप्पा मोरया!