जिताड्याला पेंड चालेल काय?



रायगडच्या खारेपाटात तळ्यांत जिताडा पाळतात. मासा चवदार, भावही चांगला. पण त्याचे खाणे मोठे नखऱ्याचे. रोहू, कटला पेंड-कोंड्यावर वाढतात. जिताड्याला मात्र कोलंबी हवी, लहान मासे हवेत. एक किलो जिताडा वाढवायला कित्येक किलो बारीक मासळी लागते. खर्च तर होतोच. शिवाय समुद्रातली लहान मासळी अशी संपली, तर उद्या आपल्या जाळ्यात काय येणार?

तुम्ही म्हणाल, सोयाबीनची पेंड घालू या की! घालता येते. नॉर्वे देशात सामन नावाचा मासा पाळतात. तोही मांसाहारीच. १९९० साली त्याच्या खाद्यात शंभरातले सुमारे नव्वद भाग समुद्रातले असत. २०१३ साली ते सुमारे तीसवर आले. बाकी बहुतेक वनस्पतींचे. मासळीचे तेल मात्र थोडे ठेवतातच. माशाच्या अंगातली गुणकारी चरबी बरीचशी त्यातून येते.

पण पेंड तशीच घालून भागत नाही. तिच्यात चार खोडी आहेत.

पहिली खोड. कच्च्या सोयाबीनमधला एक पदार्थ प्रथिने पचू देत नाही. आपण कच्चे वाल खातो काय? भिजवतो, शिजवतो. सोयाबीनलाही तशीच आच द्यावी लागते.

दुसरी खोड. रिठ्याला फेस येतो ना? फेस आणणारा तसाच पदार्थ सोयाबीनमध्येही असतो. तो शिजवून जात नाही. त्याने सामनचे आतडे सुजते. कारखान्यात पेंड मद्यार्काने धुऊन तो काढतात.

तिसरी खोड. प्रथिनातला मेथिओनीन नावाचा घटक पेंडीत कमी असतो. भाताची उणीव वरण भरून काढते. तसा हा घटक वरून मिसळावा लागतो.

चौथी खोड. पेंडीतला बराचसा फॉस्फरस कुलपात बंद असतो. माशाच्या पोटात त्याची किल्ली नाही. मग तो विष्ठेतून पाण्यात जातो आणि शेवाळ माजायला मदत होते. फायटेज नावाचे पाचक द्रव्य ही त्याची किल्ली. ते खाद्यात मिसळतात.

म्हणून घरची पेंड जिताड्याच्या तळ्यात ओतू नका. जिताड्यासाठी मुद्दाम केलेले खाद्य घ्या. ते एकदम बदलू नका, हळूहळू सवय लावा. पिशवीवर प्रथिने किती, तारीख कोणती, हे छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. आधी पिशवी वाचा, मगच पैसे मोजा.