आधी घडण, मग वजन



जुनं चांदीचं भांडं घेऊन सराफाच्या पेढीवर गेलात की ते आधी काट्यावर चढतं. मग टंच निघतो, त्या दिवसाचा भाव लागतो, तूट वजा होते आणि चिठ्ठीवर एक आकडा येतो. यात सराफाचं काही चुकत नाही. तो मोड घेतोय, आणि मोडीला घडणावळ मिळत नाही हा त्या धंद्याचा रिवाजच आहे. पण चांदीचा भाव किलोला लाखाची हद्द ओलांडून गेल्यापासून घरोघरच्या अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, पानदानं भराभर काट्यावर चढायला लागली आहेत, आणि त्यातली बरीचशी तिथून थेट मुशीत जातात.

हे जगात पूर्वीही झालंय. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा प्रचंड साठा केला आणि १९८० च्या जानेवारीत भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास जाऊन पोचला. तेव्हा तिकडच्या लोकांनी आजी-पणजीच्या वेळचे चहाचे संच, मेणबत्त्यांची घरं, तबकं पोत्यांत भरून वितळवायला नेली. मार्चअखेर भाव कोसळला. त्या वस्तू मात्र गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा ज्यांना संग्रहाची आवड आहे, किंवा ज्यांच्या घरात वडिलोपार्जित काही आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की वस्तू काट्यावर ठेवायच्या आधी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, उलटी करून पाहा. वस्तूची बरीचशी माहिती तिच्या बुडाशी असते.

विलायती चांदी असेल तर तिथे बारीक ठसे दिसतील. एक पंजा उचलून चालणारा सिंह असला, तर ती स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी बिबट्याचं तोंड असेल तर परीक्षा लंडनला झाली, नांगर असेल तर बर्मिंगहॅमला. जुन्या वस्तूवर मुकुट असेल तर शेफिल्डला. एक अक्षर वर्षाचं आणि एक ठसा कारागिराचा. १७८४ ते १८९० या काळातल्या वस्तूवर राजाचं किंवा राणीचं मुखही सापडतं, ती कर भरल्याची खूण. मुंबई-पुण्यातल्या जुन्या पारशी घरांतून, संस्थानिकांच्या वाड्यांतून, क्लबांच्या बक्षिसांच्या कपांतून असा माल आजही बाहेर येतो. फक्त ‘ई. पी. एन. एस.’ ही चार अक्षरं ओळखून ठेवा. वेगवेगळ्या चौकटींत ती अशी ठोकलेली असतात की घाईत ठसेच वाटावेत. याचा अर्थ आत निकेलची मिश्रधातू आणि वर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. या मुलाम्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० साली घेतलं. असा माल सुबक असतो, जरूर घ्यावा, पण चांदीच्या दरानं नव्हे. लोहचुंबक लावून चांदी पारखण्याच्या भानगडीतही पडू नका. चांदीला चुंबक चिकटत नाही, तसा पितळेला, तांब्याला आणि जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही.

आपल्याकडच्या जुन्या चांदीवर सरकारी ठसा नसायचाच. इंग्रजी अमलात इथे तशी सक्ती नव्हती. गिऱ्हाईक सोनाराला चांदीचे रुपये मोजून द्यायचं, सोनार ते आटवून भांडं घडवायचा. तो रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी ९२ टक्क्यांच्या जरा आत. वर झाळ देताना हलकी चांदी वापरलेली. म्हणून जुन्या भांड्याचा टंच थोडा कमी निघाला तर नाक मुरडू नका. मद्रासकडच्या स्वामी घाटाच्या भांड्यावर देवदेवतांच्या रांगा असतात, कटकचं तारकाम जाळीसारखं नाजूक असतं, आणि कच्छच्या भांड्यांवर उठावाच्या वेलबुट्टीची अशी दाटी असते की बोट टेकायला सपाट जागा सापडत नाही. भुजचे उमरसी मावजी हे त्या कामातलं मोठं नाव. त्यांच्या मालावर इंग्रजी ‘ओ. एम.’ अक्षरं आढळतात. पण नावाजलेल्या ठशाची नक्कल करणं सर्वांत सोपं, हेही ध्यानात असू द्या. ठसा नंतर मारता येतो, उठावाच्या कामातला हात नंतर आणता येत नाही.

नव्यानं संग्रह करणाऱ्यानं मात्र चांदीनं सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तांब्यापितळेनं करावी. पैसे कमी अडकतात, पाहायला मिळतं पुष्कळ, आणि यातलं शहाणपण आपल्या घरातच पडलेलं असतं. घंगाळ, बंब, कळशी, गडू, पंचपात्र, समई, लामणदिवा, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा. शिवाय अडकित्ता, ज्याच्या दोन पात्यांवर कारागिरानं मोर, घोडा, कधी चक्क नमस्कार करणारं जोडपं बसवलेलं असतं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात दिव्यांची आणि अडकित्त्यांची दालनं सावकाश पाहा. दिनकर केळकरांनी हा सगळा संग्रह घराघरांतून, वाड्यावाड्यांतून स्वतः जमवला आणि पुढे राज्य सरकारच्या हवाली केला. बाजारात पैसे टाकण्याआधी तिथे दोन-चार दुपारी घालवल्यात तर डोळा तयार होईल.

तांब्याच्या भांड्यावर हात फिरवून पाहा. पुण्याच्या तांबट आळीत आजही मठारकाम चालतं. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्याला खळ्या पाडत जायचं. त्यानं शोभा येते आणि पत्रा कडकही होतो. हाताच्या मठाराच्या खळ्या ओळीत असल्या तरी शिक्का मारल्यासारख्या हुबेहूब नसतात. यंत्रावर दाबलेल्या पत्र्यात मात्र प्रत्येक खळी तीच. आता भांड्यात आतून बघा. जुन्या मोठ्या भांड्याला उभा किंवा बुडाशी गोल सांधा असतो आणि पुष्कळदा तो दातेरी असतो, पत्र्याचे दात एकमेकांत गुंतवून वर झाळ दिलेली. हा सांधा दिसला की भांडं हातानं घडवलेलं, असं बहुतेक धरून चाला. आणि भांडं काशाचं म्हणून सांगितलं असेल, तर टिचकी मारा. काशात तांब्याबरोबर कथील असतं. त्याचा नाद लांबत जातो, पितळेचा लवकर बसतो.

मग येतात नावं. टोच्यानं ठिपके पाडून घातलेलं नाव, गाव, कोणी कोणाला कशानिमित्त दिलं, कधी शके, कधी संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं: शके १८२० म्हणजे साधारण १८९८. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे. अशी नावं घासून काढणारे व्यापारी आहेत, कारण गिऱ्हाईकाला दुसऱ्याचं नाव नको असतं. तुम्ही नाव असलेलंच भांडं मागा. ती त्याची जन्मपत्रिका आहे. नाव नंतर घातलंय का, हेही तपासता येतं. जुन्या ठिपक्यांच्या कडा घासून घासून बोथट होतात, नव्या बोटाला खुपतात.

बाजारात, मग ती मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट असो की पुण्याचा जुना बाजार, ‘दीडशे वर्षांपूर्वीचं’ हे वाक्य ऐकून घ्या आणि झीज बघा. समईची झीज काजळी पुसणाऱ्या बोटांच्या जागी असते, तांब्याची बुडाला आणि काठाला, अडकित्त्याची बिजागरीपाशी आणि मुठीवर. वापरानं वस्तू ठरावीक जागीच झिजते. तेजाबात बुडवून किंवा मातीत पुरून जुनी केलेली वस्तू सगळीकडून सारखी कळकट होते, आणि तिच्या खाचांतला हिरवा रंग ओल्या कापसाला लागतो. संशय आला तर घेऊ नका. दुसरी समई मिळेल.

आता घासण्याविषयी, कारण जुन्या वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दिवाळीच्या आधीचा आठवडा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो थर पातळ असतो, मऊ सुती कापड आणि थोडं पाणी, अगदी सौम्य साबण, एवढ्यानं भागतं. टूथपेस्टनं घासू नका, त्यात खरवडणारी पूड असते आणि उठावातले नाक-डोळे सपाट होतात. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती हल्ली फार चालते. ती साध्या चमच्याला ठीक. नक्षीच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम राखलेला असतो, तो या पाण्यात निघून जातो आणि सगळं काम पांढरंफटक दिसायला लागतं. मूठ किंवा नळी पोकळ असेल तर आत लाख भरलेली असू शकते, म्हणून गरम पाणी तर नकोच. ठेवताना धुतलेल्या मलमलीत ठेवा. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ आणू नका.

पितळेला चिंच लावायची आपली जुनी सवय. रोजच्या भांड्यांना लावा, संग्रहातल्या वस्तूला नको. आंबट पुन्हा पुन्हा मुरलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबी चट्टे पडतात. कोकणातल्या, किनाऱ्यावरच्या श्रोत्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळायची. ब्राँझच्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठूळ भुकटी दिसली तर ती साधी मळी नाही. खारट हवेतल्या क्लोराइडमुळे धातू आतून पोखरला जातोय. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयाच्या जतन विभागाचा सल्ला घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं काम होतं.

बिदरीला तर पॉलिश लावूच नका. ती जस्ताची. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपानं तिला काळा रंग येतो आणि त्यावर चांदी उठून दिसते. हा काळा रंग म्हणजे मळ समजून कुणी तो घासून काढला, की राखाडी जस्त उरतं. थेंबभर तेल कापडावर घेऊन पुसलं की पुरे.

शेवटी कायद्याचं. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा, लागू १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू हा पुरावशेष ठरतो. धातूची जुनी मूर्ती असेल तर ती नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, मग ती तुमच्या आजोबांच्या देवघरातली का असेना. आणि असा पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकायला नाही आणि मुलाला भेट म्हणूनही नाही. मुलगी-जावई परदेशात असतात, सुट्टीत येतात, आणि आजीची समई त्यांच्या बॅगेत घालावी असं घरच्यांना वाटतं. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असली तरी विमानतळावर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो. वस्तूचे चारही बाजूंचे आणि बुडाचे फोटो, उंची, वजन, घरात कधीपासून आहे, हे सगळं एका कागदावर लिहा आणि अर्ज प्रवासाच्या पुष्कळ आधी करा. वस्तू बघायला वेळ लागतो, ऐन सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात हे काम होत नाही.