निकाल आला, पण न्यायमूर्ती किती?



आरक्षणावर कोर्टाचा निकाल आला की आपल्या वस्तीत एकच प्रश्न, ‘आपलं राहिलं का गेलं?’ आम्हीही तेवढंच विचारून गप्प बसत होतो. पण बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले. त्या दारातून बाहेर येणारा कागद आपण नीट वाचायला नको काय?

न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी तपासते : सरकारी आदेश, विधिमंडळाचा कायदा आणि घटनादुरुस्ती. पहिल्या दोन्ही संविधानाच्या कलमांवर घासून पाहिल्या जातात. घटनादुरुस्तीला मात्र १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून मूलभूत चौकटीची कसोटी लागते. कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व कोर्टांना बंधनकारक असतो. संविधानाच्या अर्थाबद्दलचा पायंडा बदलायचा तर एक तर मोठे खंडपीठ पाहिजे, नाही तर घटनादुरुस्ती.

बढतीतील आरक्षणाचेच पाहा. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी केंद्राचे आदेश तपासले. मंडलचे २७ टक्के टिकले, पण बढतीत आरक्षण नाही, असे ठरले. संसदेने १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती करून कलम १६ (४अ) आणले. निकाल ज्या कलमावर उभा होता, त्यातच भर पडली. २००६ मध्ये नागराज खटल्यात ही दुरुस्ती पाच न्यायमूर्तींपुढे टिकली. पण मागासलेपण आणि अपुरे प्रतिनिधित्व आकड्यांनी दाखवा, अशी अट आली. मग २०१८ च्या जर्नेलसिंग खटल्यात न्यायालय म्हणाले, अनुसूचित जाती-जमातींचे मागासलेपण पुन्हा सिद्ध करायला लावणे नऊ न्यायमूर्तींच्या निकालाविरुद्ध आहे. ती अट गेली. बंधू-भगिनींनो, १९९२ च्या ज्या निकालाने बढती अडवली, तोच पुढे आपल्या कामी आला!

अपुऱ्या प्रतिनिधित्वाची अट मात्र उभीच आहे. २०२२ मध्ये तर न्यायालयाने सांगितले, हे आकडे संवर्गनिहाय पाहिजेत. म्हणजे लढाई आता साहेबांच्या कपाटातल्या फायलीत आहे. नोकरीतल्या बांधवांनो, आपल्या खात्यात कोणत्या संवर्गात आपले किती, हे तुम्हाला सांगता येईल काय? नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

आणि पुढचा निकाल आला की रडण्याआधी किंवा गुलाल उधळण्याआधी तीन प्रश्न विचारा : काय तपासले? न्यायमूर्ती किती? अट कोणती?

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!