जुन्या मोटारीला नवा दम : सुपरचार्जर की टर्बोचार्जर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बीरगांव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीत मोटारीच्या इंजिनाला पाट मांडावा, ही कल्पना आपल्या चिटणीसांची. मी आयुष्यभर यंत्रांच्या संगतीत राहिलेला माणूस. वक्तृत्वाशी माझा संबंध नाही. तरी उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली अशी मंडळी समोर बसली असल्यामुळे मला धीर येतो.

विषयाचे मूळ घरगुती आहे. माझ्या दिवंगत मेहुण्यांची १९७१ सालची अॅम्बॅसेडर, मार्क दोन, त्यांच्या पश्चात भाच्याकडे आली. बस्तरचा दसरा पाहण्यासाठी तो आईला घेऊन जगदलपूरला निघाला. पण कांकेर ओलांडून केशकाळचा घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर रेडिएटर उकळू लागला. मायलेकरे रस्त्याच्या कडेला दीड तास उभी होती. परतल्यावर भाचा माझ्याकडे आला व म्हणाला, "मामा, बाबांची गाडी विकायची नाही. पण तिला दम हवा. सुपरचार्जर बसवू की टर्बो, तेवढे सांगा."

प्रश्न सरळ वाटतो. त्याचे उत्तर देण्यासाठी मला फार मागे जावे लागले.

इंजिनाला पेट्रोल जास्त पाजणे अवघड नाही. अवघड आहे ते हवा जास्त पाजणे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते आणि साधे इंजिन स्वतःच्या श्वासाने ओढेल तेवढीच हवा घेते. हवा दाबून आत कोंबली की तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरातून अधिक काम निघते. लोहाराचा भाता हेच करतो. आपल्या या मुलखातले अगरिया लोक पायाने भाते दाबून भट्टीतून लोखंड काढीत, त्यांनाही हे तत्त्व ठाऊक होते.

आता या भात्याला जोर कोणी द्यायचा, एवढाच वाद आहे. सुपरचार्जरला जोर देते इंजिनाची क्रँकशाफ्ट, पट्ट्याने किंवा दात्यांनी. टर्बोचार्जरला जोर देतो सायलेन्सरकडे वाया जाणारा तप्त धूर. तो एक चाक फिरवितो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबते. पहिला घरच्या कमाईतून पगार घेणारा नोकर, दुसरा टाकाऊ मालावर गुजराण करणारा.

सुपरचार्जरचा एक जुना नातेवाईक आपल्यापैकी अनेकांनी रोज ऐकला आहे. स्पंज आयर्नच्या भट्टीपाशी घोंघावणारा तो रूट्स ब्लोअर. फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे तेच यंत्र लहान रूपात मर्सिडीज आणि बेंटली यांच्या गाड्यांवर चढले. आपल्या मराठी संस्थानिकांपैकी इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी होती. सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, अंगकाम लंडनच्या गर्नी नटिंगचे. बिगर सुपरचार्जरच्या ड्यूसेनबर्गची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली जाई, सुपरचार्जरवालीची ३२०. तिचा ब्लोअर मात्र रूट्सच्या जातीचा नव्हता, पंख्यासारखा वेगाने फिरणारा होता.

टर्बोचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांचे, १९०५ सालचे. तो जहाजांत, विमानांत आणि आगगाड्यांत आधी रुळला. विक्रीच्या मोटारीत यायला १९६२ उजाडले. त्या साली अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंजिन ठोके मारू नये म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. मालक ती टाकी भरावयास विसरत. मोटारीला पेट्रोल घालणे माणसाच्या लक्षात राहते, औषध घालणे राहत नाही.

रायपूरच्या स्टेशनावर ज्यांनी जुनी डब्ल्यूडीएम-२ इंजिने पाहिली असतील, त्यांना टर्बोचा स्वभाव वेगळा शिकवावा लागणार नाही. २६०० अश्वशक्तीचे ते धूड गाडी उचलताना काळ्या धुराचा लोट सोडी. चालकाने खटका पुढे टाकताच डिझेल वाढे, पण टर्बोचे चाक वेग घेईपर्यंत हवा वाढत नसे. मधल्या काळातले न जळलेले इंधन म्हणजे तो धूर. पुढे आलेल्या ४००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात यावर युक्ती आहे. तिथला टर्बो कमी भारावर इंजिनाच्या दात्यांनी फिरतो, आणि धुरात पुरेसा जोर आला की क्लच सुटून धुरावर फिरू लागतो. म्हणजे ज्या वादासाठी भाचा माझ्याकडे आला, तो रेल्वेच्या इंजिनाने एकाच पेटीत मिटविला आहे! पण ती पेटी अॅम्बॅसेडरच्या बॉनेटखाली मावणारी नव्हे.

मग अॅम्बॅसेडरला काय? माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. या दोहोंतून निवडायचेच तर सुपरचार्जर. कारण घाट. केशकाळ चढताना इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आतबाहेर असते आणि तिथेच जोर हवा असतो. रूट्ससारखा ब्लोअर पहिल्या फेरीपासून हवा मोजून देतो. टर्बो जागा होईपर्यंत वळण येते, पाय उचलावा लागतो, आणि तो पुन्हा झोपतो. शिवाय पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलहून बराच तापलेला, भार पडला की आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाणारा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेत तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. गाडी तापलेली असताना किल्ली बंद केली की ते तेल तिथेच करपते. आजच्या छोट्या गाड्यांत टर्बो सुखाने नांदतो, पण तिथे इंधनाचा थेंब अन् थेंब संगणक मोजतो. इथे आहे कार्बोरेटर.

सुपरचार्जरच्या बाजूने इतिहासही आहे. अॅम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका आणि तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एमजीए या इंग्रज स्पोर्ट्‌स गाडीचे सख्खे भावंड. त्या काळी इंग्लंडात या इंजिनांवर शोरॉक कंपनीचा सुपरचार्जर बसवीत. १९५७ साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्टर्लिंग मॉस यांनी एमजीची विक्रमी गाडी ताशी २४५ मैलांवर नेली, तिचे इंजिनही याच कुळातले, तेवढ्याच मापाचे. डोके वेगळे, वर शोरॉक, आणि शक्ती २९०. भाच्याने हे ऐकले तेव्हा त्याचे डोळे चमकले. आपण उगाच सांगितले, असे मला वाटले.

कारण मग मी कागदावर आकडेमोड मांडली. सहा पौंड दाब, म्हणजे हवा जवळजवळ दीडपटीकडे जायला हवी. पण हवा दाबली की तापते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश. ब्लोअरमधून निघताना ती शंभराच्या घरात जाते, आणि तापलेली हवा विरळ. प्रत्यक्ष वजनात हवा वाढते ती पाचवा हिस्सा. पेट्रोल ब्लोअरमधूनच गेले तर बाष्पीभवनाने काही अंश उतरतात, तो फायदा निराळा. ब्लोअर फिरवायला चार-पाच अश्वशक्ती खर्ची पडते. मुळात पन्नासच्या आसपास असलेल्या इंजिनातून उन्हाळ्यात हाती लागणार सात-आठ. आणि हा सारा भार तीनच मेन बेअरिंगांच्या क्रँकवर. रेडिएटरवरची जादा उष्णता वेगळीच, आणि तक्रार तर त्या रेडिएटरचीच होती.

तेव्हा आम्ही प्लग काढून चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तीन सिलिंडर ११५ ते १२० पौंडांवर, तिसरा ८०. त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजला, तर काटा चढला. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, रिंगा गेलेल्या. गाडीला नवा दम हवा होता हे खरे नव्हते. तिचा स्वतःचा दम गळत होता. अशा इंजिनावर ब्लोअर बसविला असता, तर कोंबलेली हवा त्याच फटीतून तळाच्या तेलात उतरली असती.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक देऊ केला; इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. अर्थात त्या क्रमांकाची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर येऊ शकते. आईला दसऱ्याला नेणे त्यात येत नाही. भाच्याने हे सगळे ऐकून घेतले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने इंजिन उतरविले. बोअरिंग करून एक माप मोठे पिस्टन घातले, रेडिएटरच्या नळ्या सळईने साफ केल्या (त्यातून निघालेला गाळ पाहून मिस्त्री चकित झाला), पंख्याचा पट्टा बदलला. नोंदणी नेहमीचीच ठेवली. भंगारातून आणलेला छोटा रूट्स ब्लोअर त्याच्या बाकाखाली अजून आहे. तो फेकून दे असे मी म्हटलेले नाही.

पुढच्या दसऱ्याला मीही मागच्या आसनावर होतो. केशकाळची बाराही वळणे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली, काटा लाल रेषेच्या बराच अलीकडे. मागे 'टर्बो' असे ठळक लिहिलेला एक ट्रक भोंगा वाजवीत आम्हांला ओलांडून गेला. भाच्याचा पाय अॅक्सिलरेटरवर दाबला गेलेला मला कळला. ताईने खिडकीतून तेलीन मातेला हात जोडले आणि म्हणाली, "जाऊ दे रे त्याला. तुझे बाबाही इथे दुसऱ्यातच चढवीत असत."