जहाजानंतरची आगगाडी



चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतांनी अलास्काची सागरयात्रा केली. स्यूअर्ड बंदरी उतरून आगगाडीने सुमारे चार तासांत अँकरेज गाठले व दुसऱ्या दिवशी डेनालीची गाडी धरली. ६,१९० मीटर उंचीच्या त्या पर्वताचे दर्शन घ्यावे, ही सौभाग्यवतींची फार दिवसांची आस. परंतु पर्वत मेघांनी झाकलेला, आणि परतीची तिकिटे दुसऱ्याच दिवसाची! तेथे जाणाऱ्या तिघांपैकी सुमारे एकासच तो दिसतो, हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. दोष सर्वस्वी आमच्या घाईचा.

ही गाडी मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोज धावते. म्हणून मातापित्यांस तिकडे नेणाऱ्या तरुणांस आमची विनंती : तेथे दोन दिवस अधिक राखा. वृद्धांस पुन्हा जाणे घडत नाही.